१९५२ साली समुद्रात अशनी आदळला असता तर

३ नोव्हेंबर १९४८ च्या अंकात शिकागोच्या 'ट्रिब्यून' या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर ठळक मथळा दिला, की अध्यक्षीय निवडणुकीत ड्युई यांनी ट्रुमन यांचा पराभव केला. प्रत्यक्षात निवडून आले होते ट्रुमन. तो अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचं छायाचित्र पुढे जगभर गाजलं. मेरी रॉबिनेट कोवाल या अमेरिकी लेखिकेने आपल्या कादंबरीत तो मथळा खरा करून टाकला आहे. तिथे ड्युई अध्यक्ष होतात, अमेरिकेचे उपग्रह रशियाच्या आधी आकाशात जातात आणि ३ मार्च १९५२ च्या सकाळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, चेसापीक उपसागराच्या परिसरात एक प्रचंड अशनी आदळतो. वॉशिंग्टन शहर उरतच नाही.

'द कॅल्क्युलेटिंग स्टार्स' हे या कादंबरीचं नाव. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी ह्यूगो, नेब्युला आणि लोकस हे विज्ञानसाहित्यातले तिन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. इतिहासाला वेगळं वळण देणाऱ्या आणि अंतराळात जाणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्या इंग्रजीत पुष्कळ आहेत. ही आवर्जून वाचा असं मी ज्याला त्याला सांगत असते, त्याला एक कारण आहे. बायकांना एखाद्या कामापासून दूर ठेवायला दुष्ट माणसं लागत नाहीत, वरवर निरुपद्रवी वाटणारा एखादा नियम पुरतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी विज्ञानकथा माझ्या वाचनात नाही.

सुरुवातीचा प्रसंगच वाचकाला धरून ठेवतो. एल्मा यॉर्क आणि तिचा नवरा नॅथॅनिएल सुट्टीसाठी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात आले आहेत. खिडकीबाहेर एकाएकी डोळे दिपवणारा प्रकाश होतो. शीतयुद्धाचे दिवस असल्यामुळे दोघांच्या मनात पहिला विचार येतो तो अणुबॉम्बचा. पण खोलीतला रेडिओ चालूच आहे, गाणं थांबलेलं नाही. अणुस्फोट झाला असता तर त्याच्या विद्युतचुंबकीय स्पंदाने रेडिओ बंद पडायला हवा होता. मग हे काय असेल? तेवढ्यात जमीन हादरते, आणि दोघंही मनातल्या मनात हिशेब करू लागतात. खडकांतून भूकंपाच्या लाटा सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने धावतात. हवेतून येणारा तडाखा मात्र साधारण ध्वनीच्या वेगाने येतो, म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद. पोकोनोपासून वॉशिंग्टन सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. म्हणजे जमिनीचा हादरा मिनिटाभरात पोचतो आणि हवेचा तडाखा पंधराएक मिनिटांनी. हातात असलेली ही मिनिटं वापरून आडोसा गाठायचा. भीतीने हातपाय गळाले असताना गणिताचा आधार घेणारी ही बाई पहिल्या काही पानांतच आपली होऊन जाते.

एल्मा गणितज्ञ आहे, भौतिकशास्त्रात तिने डॉक्टरेट केली आहे. नासाची पूर्वसूरी असलेल्या 'नाका' या संस्थेत ती गणक म्हणून काम करते. नॅथॅनिएल तिथेच अभियंता आहे. शिवाय दुसऱ्या महायुद्धात तिने विमानं चालवली आहेत. यातलं काहीही लेखिकेने हवेतून आणलेलं नाही. १९४३ आणि १९४४ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी 'वास्प' नावाचं महिला वैमानिकांचं पथक काम करत होतं. १,०७४ जणींनी त्याचं प्रशिक्षण पुरं केलं. कारखान्यातून नवी विमानं तळापर्यंत नेणं, दुरुस्त झालेली विमानं उडवून तपासणं, तोफखान्याच्या सरावासाठी कापडी लक्ष्य मागे बांधून उडणं ही त्यांची कामं होती. तोफा चालवणारे सैनिक शिकाऊ असत आणि गोळे खरे असत. ३८ जणी या कामात मृत्युमुखी पडल्या. पण कागदोपत्री त्या सैनिक नव्हत्या, नागरी कर्मचारी होत्या. त्यामुळे त्यांच्या शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा हक्क नव्हता. डिसेंबर १९४४ मध्ये पथक बरखास्त झालं आणि त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळायला १९७७ साल उजाडलं.

गणकांची गोष्टही तशीच खरी आहे. व्हर्जिनियातल्या लँगली इथल्या प्रयोगशाळेत १९३५ पासून बायका हाताने आणि यांत्रिक गणनयंत्रांवर अभियंत्यांची आकडेमोड करत होत्या. कृष्णवर्णीय गणक बायकांचा विभाग वेगळा होता आणि भोजनगृहात त्यांचं टेबलही वेगळं. त्या टेबलावर 'रंगीत गणकांसाठी' अशी पाटी ठेवलेली असे. मिरियम मान या गणक बाईंनी ती उचलून पर्समध्ये टाकली. नवी आली, तीही उचलली. असं बरेचदा झाल्यावर शेवटी पाटी यायची थांबली. कॅथरिन जॉन्सन याच विभागातून पुढे आल्या. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने काढलेले आकडे जॉन्सन यांनी हाताने पडताळावेत, मगच मी जाईन, असा त्यांचा आग्रह होता.

आता कादंबरीच्या विज्ञानाकडे वळू. अशनी जमिनीवर न पडता पाण्यात पडला, म्हणून सुरुवातीला लोकांना हायसं वाटतं. एल्मा मात्र हवामानशास्त्रज्ञ असलेल्या आपल्या भावाच्या मदतीने आकडे मांडते आणि हादरते. धुळीने सूर्यप्रकाश अडून काही वर्षं थंडी पडेल, पिकं बुडतील. धूळ खाली बसेल, पण वर फेकली गेलेली वाफ तशीच राहील. पाण्याची वाफ उष्णता धरून ठेवते. हवा तापली की समुद्राचं आणखी बाष्पीभवन होतं, त्या वाफेने हवा आणखी तापते आणि हे चक्र थांबत नाही. काही दशकांत पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही, असा तिचा निष्कर्ष आहे.

वरच्या वातावरणात वाफ भरली तर काय होतं, हे कादंबरीनंतर चारच वर्षांनी जगाने छोट्या प्रमाणावर पाहिलं. १५ जानेवारी २०२२ रोजी पॅसिफिक महासागरात टोंगाजवळच्या हुंगा टोंगा या समुद्रातल्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याने सुमारे १५ कोटी टन पाणी वाफेच्या रूपात स्थितांबरात फेकलं आणि तिथल्या एकूण बाष्पात साधारण दहा टक्के भर पडली. खालच्या थरातली वाफ काही दिवसांत पाऊस होऊन पडते. स्थितांबर मात्र इतकं कोरडं आणि स्थिर असतं की तिथे गेलेली वाफ वर्षानुवर्षं रेंगाळते. कादंबरीचा पाया या ठिकाणी पक्का आहे.

समुद्र उकळण्यापर्यंत गोष्ट जाईल का, याबद्दल मला शंका आहे, आणि शंकेचं कारण खुद्द चेसापीकच्या तळाशी गाडलेलं आहे. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तिथल्या उथळ समुद्रात खरोखरच एक अशनी आदळला होता. त्याचं सुमारे ८५ किलोमीटर व्यासाचं विवर आज उपसागराच्या आणि गाळाच्या थरांखाली दडलेलं आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं विवर जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आहे. त्याच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाला ८५ किलोमीटर म्हणजे काय याचा थोडा अदमास येईल. एवढा आघात होऊनही त्या काळी समुद्र उकळले नाहीत. लेखिकेने अशनीची जागा मात्र विचारपूर्वक निवडली आहे. अमेरिकेची राजधानी एका फटक्यात नाहीशी व्हावी आणि पाणी भरपूर उडावं, ही कथेची गरज होती. शक्यतेची दोरी तिने ताणली आहे, पण एकदा ती मान्य केली की पुढचं सगळं तर्काला धरून चालतं.

राजधानी कॅन्सस सिटीला हलते. मंत्रिमंडळापैकी वाचलेला कृषिमंत्री अध्यक्ष होतो. पिकांची भाषा कळणारा हा माणूस असल्यामुळे हवामानाचे आकडे त्याला पटतात. अनेक देश मिळून अंतराळ संघटना उभारतात. उद्दिष्ट असतं आधी चंद्रावर आणि मग मंगळावर माणसांची वस्ती. वस्ती म्हटली की बायका आल्याच. एल्माला हे उघड वाटतं. पण अंतराळवीरांची पहिली यादी जाहीर होते, तेव्हा तिच्यात एकही बाई नसते. यादी करणाऱ्यांना आपण काही चुकीचं केलं असं वाटतच नाही. आधी पुरुष जाऊन सगळं सुरक्षित करतील आणि बायका मागाहून येतील, असं त्यांचं म्हणणं. मानवजात संपायची वेळ आली तरी कुणाला बोलवायचं, याबद्दलची सवय बदलत नाही. कादंबरीचा खरा विषय ही सवय आहे.

आपल्या जगातही हेच घडलं होतं, फक्त अशनी आदळला नव्हता. १९५८ च्या अखेरीस अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ठरवलं की पहिले अंतराळवीर लष्करातल्या जेट चाचणी वैमानिकांतूनच निवडायचे. या नियमात बाई असा शब्दसुद्धा नाही. पण लष्कराच्या चाचणी वैमानिक शाळांत बायकांना प्रवेशच नव्हता. १९५९ मध्ये पहिल्या सात अंतराळवीरांची शारीरिक तपासणी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथे डॉ. रँडी लव्हलेस यांच्या दवाखान्यात झाली. बायका वजनाने हलक्या असतात, त्यांना प्राणवायू आणि अन्न कमी लागतं, मग लहानशा यानासाठी त्या जास्त योग्य नाहीत का, असा प्रश्न लव्हलेस यांना पडला. त्यांनी १९६० मध्ये जेरी कॉब या वैमानिक बाईंना बोलावून त्याच तपासण्या केल्या, आणि कॉब यांनी त्या उत्तम पार केल्या. मग आणखी बायका आल्या. सगळा कार्यक्रम खासगी होता, नासाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

तपासण्या सोप्या नव्हत्या. कानात बर्फासारखं थंड पाणी सोडत, त्याने तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णावर परिणाम होऊन माणसाला गरगरायला लागतं. रबराची नळी गिळायला लावून पोटातला रस काढत. पुढच्या टप्प्यात ओक्लाहोमामध्ये कॉब यांना अंधाऱ्या, आवाजबंद खोलीत शरीराइतक्याच उबेच्या पाण्यात तरंगत ठेवलं. डोळ्यांना काही दिसत नाही, कानांना काही ऐकू येत नाही, अंगाला स्पर्श जाणवत नाही. अशा अवस्थेत माणसाला लवकरच भास होऊ लागतात. कॉब त्यात साडेनऊ तासांहून जास्त वेळ शांतपणे राहिल्या.

कॉब धरून तेरा जणी पहिल्या टप्प्यात उत्तीर्ण झाल्या. पुढची तपासणी फ्लोरिडात पेन्साकोला इथल्या नौदलाच्या तळावर व्हायची होती. काही जणींनी त्यासाठी नोकऱ्या सोडल्या. आणि सप्टेंबर १९६१ मध्ये, तिकडे जायला थोडेच दिवस उरले असताना, सगळं रद्द झाल्याची तार आली. नासाकडून अधिकृत मागणी असल्याशिवाय आपली यंत्रणा वापरू देणार नाही, असं नौदलाचं म्हणणं होतं, आणि नासाला अशी मागणी करायची नव्हती.

जुलै १९६२ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे यावर सुनावणी झाली. कॉब आणि जेन हार्ट यांनी बाजू मांडली. हार्ट या सिनेटरच्या पत्नी होत्या आणि स्वतः वैमानिक होत्या. समोरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले जॉन ग्लेन साक्षीला आले. बायका या क्षेत्रात नाहीत हे आपल्या समाजरचनेतलं वास्तव आहे, अशा अर्थाचं ते बोलले. अंतराळवीराला अभियांत्रिकीची पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण हवं, असाही एक नियम होता. ग्लेन यांनी तेव्हा पदवी पूर्ण केलेली नव्हती, त्यांचा अनुभव पदवीच्या तोडीचा धरला गेला होता. कॉब यांचे उड्डाणाचे तास दहा हजारांहून अधिक होते, ग्लेन यांचे पाच हजारांच्या आसपास. हे तास मात्र जेट चाचणीच्या तोडीचे धरायला कुणी तयार झालं नाही. 'वास्प'च्या प्रमुख राहिलेल्या जॅकलिन कॉक्रन यांनी लव्हलेस यांच्या तपासण्यांना पैसे पुरवले होते. त्यांनीही या सुनावणीत घाई नको असाच सूर लावला. मला या इतिहासातली ही सर्वांत क्लेशकारक गोष्ट वाटते. सुनावणी ठरल्यापेक्षा लवकर गुंडाळण्यात आली.

वर्षभरातच, १६ जून १९६३ रोजी, रशियाने व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा यांना पाठवलं. त्या कापड गिरणीत काम केलेल्या, हवाई छत्रीने उड्या मारणाऱ्या. त्यांनी पृथ्वीला ४८ प्रदक्षिणा घातल्या आणि तोवरच्या सगळ्या अमेरिकी अंतराळवीरांच्या एकत्रित वेळेपेक्षा जास्त वेळ त्या एकट्या वर राहिल्या. अमेरिकेची पहिली बाई, सॅली राइड, अंतराळात गेली ती त्यानंतर वीस वर्षांनी, १९८३ च्या जूनमध्ये. तेव्हाही पत्रकारांनी त्यांना विचारलं, कामात काही बिघडलं की तुम्ही रडता का? आणि आठवड्याच्या मोहिमेसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं अभियंत्यांनी त्यांना खरोखर विचारलं होतं.

हा इतिहास ठाऊक असला की कादंबरीतली अनेक पानं वेगळीच वाचली जातात. एल्मा ज्या ज्या दारावर जाते तिथे सभ्य माणसं तिला सभ्यपणे नियम समजावून सांगतात. स्टेटसन पार्कर हा अंतराळात गेलेला पहिला माणूस तिच्या विरोधात आहे. युद्धकाळात बायकांशी गैरवागणूक केल्याबद्दल तिने त्याची तक्रार केली होती, ते तो विसरलेला नाही. पण लेखिकेने त्याला निव्वळ खलनायक केलेलं नाही. तो कुशल वैमानिक आहे, धाडसी आहे, आणि त्याचा हळवा भाग दिसतो तेव्हा वाचकाला त्याच्याबद्दल वाईटही वाटतं.

एल्माची अडचण बाहेर आहे तशी आतही आहे. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की तिला उलटी होते. कोवळ्या वयात ती विद्यापीठात गेली. वर्गातल्या मुलांना लाजवायला प्राध्यापक तिला फळ्यावर गणितं सोडवायला उभं करत आणि मुलं त्याचा राग तिच्यावर काढत. ती दहशत अंगात मुरलेली आहे. आणि तिला तर देशभर ओळख मिळते ती दूरचित्रवाणीवरच्या मुलांच्या विज्ञान कार्यक्रमामुळे! कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी ती न्हाणीघरात ओकते, तोंड धुते, मूळ संख्या मनात म्हणत श्वास सावरते आणि बाहेर येऊन मुलांना उड्डाण समजावते. पुढे डॉक्टर तिला मिलटाउन हे त्या काळी सर्रास दिलं जाणारं चिंताशामक औषध देतात. औषध घेतलं तर बरं वाटतं, पण हे कुणाला कळलं तर बायका हळव्याच असतात म्हणून सगळ्याच जणींचं दार बंद होईल. या कोंडीत सापडलेली एल्मा मला कादंबरीतल्या कुठल्याही अग्निबाणापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

आणखी एका बाबतीत लेखिका तिला सोडत नाही. एल्मा ज्यू आहे, वगळलं जाणं काय असतं हे तिला ठाऊक आहे. तरीही अशनीनंतर निर्वासितांना विमानांनी हलवताना आधी गोऱ्यांना हलवलं जातंय, हे तिच्या लक्षात येत नाही. ज्यांनी तिला घरात आसरा दिला त्या कृष्णवर्णीय जोडप्यामुळे तिचे डोळे उघडतात. पुढे कृष्णवर्णीय वैमानिक बायकाही तिला सुनावतात, की 'वास्प'चा अनुभव हवा अशी अट घातलीत, पण 'वास्प'ने आम्हाला घेतलंच कुठे होतं? हेही सत्यच आहे, त्या पथकात कृष्णवर्णीय बायकांना प्रवेश नाकारला गेला होता. एल्माला अडवणारा नियम ज्या साच्यातला आहे, त्याच साच्यातल्या दुसऱ्या नियमाचा फायदा तिला मिळतो आहे.

कादंबरी निर्दोष नाही. नॅथॅनिएल इतका समजूतदार आहे की कधी कधी तो खरा वाटत नाही, आणि नवरा-बायकोच्या शृंगारात अग्निबाणांच्या उपमा जरा जास्तच येतात. मधल्या भागात प्रशिक्षण आणि कार्यालयीन डावपेच रेंगाळतात. पण प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी असलेली त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या धाटणीची बातमी वगळू नका. बाहेरच्या जगात अन्नटंचाई आणि दंगली कशा वाढताहेत, ते तिथूनच कळतं.

आणि हे सगळं जुन्या काळातलं समजायचं कारण नाही. मार्च २०१९ मध्ये दोन बायकांनी मिळून अंतराळात चालण्याची पहिली मोहीम ठरली होती. दोघींना मध्यम मापाचा पोशाख लागत होता आणि वापरायला तयार असलेला धडाचा भाग त्या मापाचा एकच होता. मोहीम तशी झाली नाही. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर यांनी ती केली. पोशाखाच्या मापात कुणाचा द्वेष नव्हता.

मराठी वाचकाला इतिहासाचा असा फाटा नवा नाही. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी किंचित चुकवली आणि त्यातून मराठे जिंकलेलं वेगळं जग उभं केलं. नारळीकरांना रस होता तो असं घडू शकतं का, या प्रश्नात. म्हणून त्यांच्या कथेच्या शेवटी पुंजभौतिकीचं स्पष्टीकरण येतं. कोवाल ते कारण शोधत बसत नाहीत. त्या एक घटना बदलतात आणि त्यातून काय काय बदलत नाही ते दाखवतात.

वाचायचा क्रम थोडा सांभाळावा. कोवाल यांनी या विश्वातली 'द लेडी अ‍ॅस्ट्रॉनॉट ऑफ मार्स' ही दीर्घकथा आधी लिहिली आणि तिला २०१४ साली ह्यूगो मिळाला, पण तिच्यात एल्मा म्हातारी झालेली आहे. आधी ती वाचली तर बरंच काही उघड होतं, म्हणून ती मागे ठेवा. 'द कॅल्क्युलेटिंग स्टार्स'पासून सुरुवात करा, मग मंगळाच्या वाटेवरची 'द फेटेड स्काय', आणि त्यानंतर 'द रिलेंटलेस मून'. या तिसऱ्या कादंबरीत चंद्रावरच्या वस्तीत घातपात सुरू होतात आणि गोष्ट एल्माऐवजी निकोल वॉर्गिन सांगते. ती कॅन्ससच्या गव्हर्नरची बायको आहे, वैमानिक आहे आणि पन्नाशीला टेकलेली आहे. तिन्हींत मला हीच सर्वांत आवडली. भाषा सोपी आहे, आणि ज्यांना ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी लेखिकेने स्वतःच्या आवाजात या कादंबऱ्या वाचून ठेवल्या आहेत.